सर्पगंधेची मुळी : साल आणि गाभा

एखाद्या औषधी वनस्पतीचें नांव निघालें, कीं ती कोणत्या रोगावर चालते, हा प्रश्न आपण सर्वजण प्रथम विचारतों. तिचा कोणता भाग घ्यावयाचा, हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात. मूळ म्हटलें कीं मूळ. तें उगाळलें, त्याचा काढा केला किंवा वस्त्रगाळ चूर्ण केलें, कीं काम झालें, अशी आपली समजूत असते. परंतु एकाच मुळीची बाहेरची साल आणि आंतील गाभा हीं रसायनशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं निरनिराळीं असूं शकतात. एकींत औषध भरलेलें असावें आणि दुसऱ्यांत नांवापुरतें असावें, असेंहि घडतें. सर्पगंधेच्या मुळीचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा तो याच दृष्टीनें. या इतिहासांत मुंबई व गोवा यांचा वांटा आहे, कलकत्ता व दिल्ली यांचा आहे, आणि दूरच्या स्वित्झर्लंडचाहि आहे.

सर्पगंधा हें कांहीं मोठें झाड नव्हे. हात-दीड हात उंचीचें हें झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून बिहार, बंगाल व आसामपर्यंत, आणि इकडे कोंकण व सह्याद्री यांच्या ओलसर रानांतून दक्षिणेस केरळपर्यंत आढळतें. मराठींत त्याला अडकई, हरकई अशींहि नांवें आहेत. कण्हेर, सदाफुली, सातवीण ही त्याची भावकी. एकेका पेऱ्यावर तीन-चार पानांचें वर्तुळ, पांढरीं किंवा किंचित् गुलाबी फुलें, त्यांचे तांबडे देंठ, आणि पिकल्यावर काळसर जांभळीं होणारीं वाटाण्याएवढीं फळें, अशी त्याची ठेवण आहे. पण मोलाचें जें कांहीं आहे तें जमिनीखालीं. मुळी वांकडीतिकडी, बोटाएवढी जाड किंवा त्याहून बारीक, वरून करडी-पिवळसर व सुरकुतलेली असते. ती मोडली असतां आंत फिकट दिसते. आणि चव म्हणाल तर अत्यंत कडू.

सर्पगंधा, नाकुली हीं नांवें आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत व निघंटूंत येतात. तीं सर्व ठिकाणीं याच वनस्पतीचीं आहेत काय, याविषयीं पंडितांत मतभेद आहे. मुंगूस सापाशीं झुंजतांना एका मुळीचा आश्रय घेतें ही लोककथा मात्र फार जुनी, आणि नांवाचा संबंध तिच्याशीं जोडला जातो. गोव्यास राहून ज्यानें हिंदुस्थानांतील औषधिद्रव्यांचा अभ्यास केला, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा संवादरूप ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांतच छापला गेला. त्यांत ‘सापाच्या लाकडा’वर एक स्वतंत्र संवाद आहे, आणि त्यांतील एक वनस्पति सर्पगंधा असावी असें अनेक अभ्यासक मानतात. पुढें १७५३ मध्यें लिनियसनेंहि या झुडुपास दिलेल्या नांवाचा अर्थ ‘सर्पकाष्ठ’ असाच होतो. आजचें शास्त्रीय नांव, रौवोल्फिया सर्पेंटिना, हें ऑग्सबर्गच्या लेओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकांतील वैद्याच्या स्मरणार्थ ठेवलेल्या कुलनामापासून आलें आहे. हा गृहस्थ सिरिया-इराककडे हिंडला. हिंदुस्थानांत तो कधीं आलाच नाहीं. ज्या मुळीनें त्याचें नांव जगभर नेलें, ती त्यानें बहुधा पाहिलीहि नसेल!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० ते १८९३ च्या दरम्यान, डिमॉक, वॉर्डन व हूपर यांचा हिंदी वनौषधींवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. डिमॉक यांची बरीच हयात मुंबईंत गेली होती. दक्षिण कोंकणांतून मुंबईस येणारे मजूर या मुळीचा थोडा सांठा जवळ बाळगतात आणि पोटांतील कळांवर ती घेतात, असें या ग्रंथांत नमूद आहे. कोंकणांत पटकीवर ती सापसणीबरोबर देत, अशीहि नोंद त्यांत सांपडते. म्हणजे आपल्याकडील गिरणगांवाच्या खोल्यांतून ही मुळी गांठोड्यांत बांधलेली असे, पण ती पोटाकरितां. तिकडे बिहारांत मात्र तीच मुळी ‘पागल की दवा’ या नांवानें बाजारांत विकली जाई, आणि वेडाच्या झटक्यानें बेफाम झालेल्या माणसास शांत झोंप आणण्यासाठीं लोक ती देत. एकच मुळी, एका प्रांतीं ती पोटाची, दुसऱ्या प्रांतीं डोक्याची.

शास्त्राचें लक्ष या मुळीकडे खऱ्या अर्थानें वळलें तें १९३१ मध्यें. त्या एकाच वर्षीं दोन ठिकाणीं दोन निरनिराळ्या वाटांनीं काम प्रसिद्ध झालें. कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीचें चूर्ण रोग्यांस देऊन पाहिलें. वेडाचा जोर ओसरतो, आणि त्याबरोबर रक्ताचा दाबहि उतरतो, असें त्यांनीं लिहिलें. दाब उतरल्याची ही वार्ता फार महत्त्वाची होती, कारण त्या काळीं वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचें असें औषध जगांत कोणापाशींच नव्हतें. विश्रांति, अळणी जेवण आणि झोंपेचीं औषधें यांपलीकडे डॉक्टरांच्या हातीं फारसें कांहीं नसे. आणि रोगी अर्धांगवायु किंवा हृदयविकार यांची वाट पाहात दिवस काढी.

दुसरी वाट दिल्लीची. हकीम अजमलखान यांच्या प्रयत्नानें उभ्या राहिलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयाच्या संशोधनशाळेंत सलीमुज्जमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी हे रसायनज्ञ काम करीत होते. त्यांनीं याच मुळींतून पांच स्फटिकरूप अल्कलॉइडें वेगळीं केलीं. अल्कलॉइडें म्हणजे वनस्पतींत तयार होणारीं, बहुधा कडू चवीचीं, नत्रयुक्त व क्षारधर्मी द्रव्यें. कोयनेल व अफूंतील मॉर्फीन हीं त्याच जातीचीं. या पांचांपैकीं तीन पांढरीं व सौम्य क्षारधर्माचीं निघालीं. १९२७ मध्यें दिवंगत झालेल्या हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांना अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन अशीं नांवें देण्यांत आलीं. उरलेलीं दोन पिवळीं व तीव्र क्षारधर्माचीं होतीं. त्यांना सर्पेंटीन व सर्पेंटिनीन म्हणतात. एका आयुर्वेद-युनानी संस्थेंत, आपल्याच देशांतील रसायनज्ञांनीं, आपल्याच रानांतील मुळीवर केलेलें हें काम कोणत्याहि युरोपीय प्रयोगशाळेस शोभेल अशा तोडीचें होतें.

आतां आपल्या मूळ प्रश्नाकडे वळूं. हीं द्रव्यें मुळींत कोठें असतात? पुढें अनेकांनीं साल व गाभा वेगवेगळीं करून तपासलीं, तेव्हां जें उत्तर मिळालें तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वाळलेल्या मुळींत एकूण अल्कलॉइडें साधारणपणें शेंकडा एक ते तीन असतात. स्थळ, ऋतु व झाडाचें वय यांप्रमाणें हें प्रमाण कमीअधिक होतें. मुळीच्या एकूण वजनांत सालीचा वांटा सुमारें निम्मा असतो. कांहीं मुळ्यांत शेंकडा चाळीस, कांहींत साठपर्यंत. परंतु अल्कलॉइडांपैकीं शेंकडा नव्वदांच्या आसपास भाग या सालींत सांठलेला असतो. गाभ्याच्या वांट्यास जेमतेम दहावा हिस्सा येतो.

हा हिशेब घरगुती मापानें मांडून पाहूं. शंभर तोळे मुळी घेतली. तींत साल पन्नास तोळे, गाभा पन्नास तोळे. औषधी द्रव्याचे दहा भाग कल्पिले, तर नऊ भाग सालींत आणि एक भाग गाभ्यांत. म्हणजे वजनास वजन घेतलें असतां साल ही गाभ्याच्या नऊपट गुणकारी ठरते. आतां कोणी मुळी स्वच्छ व गोरी दिसावी म्हणून ती खरवडली, आणि सालीचा केवळ पांचवा हिस्सा घालविला. वजनांत तूट पडली दहा तोळ्यांची. पण औषधांत तूट पडली जवळजवळ अठरा तोळ्यांच्या मानाची. दहा तोळे गेले म्हणून व्यापारी हळहळेल; अठरा गेले हें मात्र तराजू कधींच सांगणार नाहीं.

यावरून कित्येक व्यावहारिक गोष्टींचा उलगडा होतो. मुळ्या खणून काढतांना व धुतांना साल दुखवूं नये, असा जो दंडक आहे त्याचें कारण हेंच. त्या हिवाळ्यांत, झाडाचीं पानें गळल्यावर काढाव्या, असें लागवडीचे जाणते सांगतात. कारण त्या वेळीं मुळींतील द्रव्यांचें प्रमाण चांगलें असतें. ग्राहकास जाड, भरदार मुळी पसंत पडते. पण बारीक मुळींत गाभ्याच्या मानानें सालीचा वांटा अधिक असल्यामुळें, तीच पुष्कळदां अधिक वीर्यवान् असते. जमिनीवरच्या खोडांत हीं द्रव्यें थोडीं असतात. म्हणून मुळ्यांच्या गठ्ठ्यांत खोडाचे तुकडे मिसळणें ही उघड फसवणूक होय. याच कुळांतील, मूळची अमेरिकेंतील पण आपल्याकडे आतां सर्वत्र पसरलेली दुसरी एक जात भेसळीस वापरतात. तिच्या सालींत सूक्ष्मदर्शकाखालीं कठीण भिंतींच्या दगडासारख्या पेशी दिसतात. खऱ्या सर्पगंधेच्या सालींत त्या नसतात. परीक्षक या दोहोंमधील फरक ओळखतो, तो सालीवरूनच.

परंतु साल हा या कथेचा अर्धाच भाग झाला. अल्कलॉइडें सालींत असतात हें कळलें, तरी त्यांपैकीं कोणतें काय करतें हा प्रश्न उरलाच. दिल्लीस मिळालेलीं पांच स्फटिकें शुद्ध होतीं, देखणीं होतीं. पण त्यांपैकीं एकहि बिहारांतल्या वैदूच्या पुडीप्रमाणें माणसास शांत झोंप आणीना. मग ती झोंप आणणारें द्रव्य कोणतें? कलकत्त्यास कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९४३ व १९४४ मध्यें कलकत्त्याहून जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढें आली. स्फटिक वेगळे करून झाल्यावर जो काळपट, चिकट, राळेसारखा भाग खालीं उरतो, त्यांतच निद्राजनक गुण आहे. बिहारची मुळी व देहराडूनची मुळी रासायनिक घडणींत अगदीं एकसारखी नाहीं, हेंहि याच सुमाराच्या तपासण्यांत दिसून आलें.

श्रोतेहो, ही गोष्ट क्षणभर विचार करण्यासारखी आहे. रसायनज्ञाची नजर नेहमीं स्फटिकाकडे असते. स्फटिक म्हणजे शुद्धता, स्फटिक म्हणजे यश. राळ ही भांड्याच्या तळाशीं राहिलेली घाण, ती टाकावयाची. येथें टाकाऊ समजल्या गेलेल्या भागांतच औषध दडलेलें होतें. कलकत्त्याच्या संशोधकांनीं राळेकडे बोट दाखविलें खरें. पण तींतून शुद्ध द्रव्य वेगळें काढण्यास जी साधनें व जो पैसा लागतो, तो युद्धाच्या त्या दिवसांत त्यांच्यापाशीं कोठून असणार?

याच वेळीं मुंबईंत एक निराळें काम चाललें होतें. हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील हे या मुळीच्या गोळ्या रक्तदाबाच्या रोग्यांस देऊन त्यांच्या पद्धतशीर नोंदी ठेवीत होते. हें औषध हळूहळू चालतें. परिणाम दिसण्यास दिवस व कधीं आठवडे लागतात, आणि तें बंद केल्यावरहि परिणाम कांहीं काळ टिकतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९४९ मध्यें पन्नास रोग्यांवरील त्यांचा निबंध ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत छापला गेला. ज्या औषधाविषयीं हिंदी नियतकालिकांतून अठरा वर्षें लिहिलें जात होतें, तें पाश्चात्त्य डॉक्टरांच्या नजरेस आलें तें या लेखामुळें. १९५० नंतर बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं त्याचा वापर अमेरिकेंत सुरूं केला. वकील यांना १९५७ मध्यें अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें.

वकील यांच्या यशाचा आपल्या विषयाशीं जवळचा संबंध आहे. त्यांनीं दिलें तें शुद्ध स्फटिक नव्हे, तर मुळीच होती. तींत साल होती, गाभा होता, पांढरीं-पिवळीं अल्कलॉइडें होतीं, आणि ती उपेक्षित राळहि होती. रसायनज्ञांच्या चाळणींतून जें गळून गेलें असतें, तें चूर्णाच्या गोळींत आपोआप राहिलें. परंतु याला दुसरीहि बाजू आहे. दोन गोळ्यांत औषधाचें मान समान असेल याची शाश्वती कोण देणार? एका गोळींत सालीचा अंश अधिक, दुसरींत गाभ्याचा; एक बिहारची, दुसरी देहराडूनची. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्या रोग्यास एवढ्या अंधारांत ठेवणें योग्य नव्हे. म्हणून समग्र मुळीचा महिमा गाणारे आणि शुद्ध द्रव्याचा आग्रह धरणारे, या दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे.

राळेचें रहस्य उलगडलें १९५२ मध्यें. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरीं सीबा या कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्युलर, श्लिट्लर व बाइन या तिघांनीं त्या राळेंतून एक नवें अल्कलॉइड वेगळें केलें व त्याचें नांव रेसर्पीन ठेविलें. हें इतर भावंडांसारखें तीव्र क्षारधर्मी नसल्यामुळेंच तें राळेंत गुंतून मागें राहात असे. त्याचें प्रमाण तरी किती? किलोभर वाळलेल्या मुळींत एखाद-दुसरा ग्रॅम, पुष्कळदां त्याहूनहि कमी. आणि मनुष्यास तें लागतें मिलिग्रॅमच्याहि अंशानें. दाब उतरविणें आणि मन शांत करणें हीं दोन्ही कामें मुख्यतः याच द्रव्याचीं, असें ठरलें. १९५४ मध्यें न्यूयॉर्कचे डॉ. नाथन क्लाइन यांनीं मनोरुग्णालयांतील रोग्यांवर त्याचा गुण वर्णिला, आणि बिहारच्या बाजारांतील त्या जुन्या नांवाची सत्यता जगास पटली. १९५६ मध्यें वुडवर्ड या अमेरिकन रसायनज्ञानें हें द्रव्य प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनेंहि बनविलें.

यापुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. रेसर्पीन दिलेल्या कांहीं रोग्यांचें मन शांत होण्याऐवजीं खिन्न होऊं लागलें. कांहींना तर जीवन नकोसें झालें. १९५५ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांस आढळलें, कीं हें द्रव्य मेंदूंतील सिरोटोनिन नांवाच्या पदार्थाचा सांठा रिकामा करतें. मनाचे विकार व मेंदूंतील रसायनें यांचा संबंध लावणाऱ्या अर्वाचीन शास्त्रास या एका निरीक्षणानें मोठी चालना दिली. अधिक निर्धोक औषधें निघाल्यावर रेसर्पीन मागें पडलें. आज रक्तदाबासाठीं तें क्वचितच देतात. दिल्लीचें अजमलीन मात्र अद्याप कामांत आहे. हृदयाच्या ठोक्यांत अचानक बिघाड करणारा ब्रुगाडा नांवाचा एक आनुवंशिक दोष उघडकीस आणण्यासाठीं कित्येक देशांतील रुग्णालयांत त्याचा उपयोग होतो. ज्या स्फटिकांतून झोंपेचें औषध मिळालें नाहीं, त्यांनीं असें निराळेंच काम केलें.

भागाभागांतील हा भेद केवळ सर्पगंधेपुरता आहे असें मात्र समजूं नये. आपल्या अंगणांतील सदाफुलीच घ्या. तिच्या मुळांत अजमलिसीन सांपडतें. आणि रक्ताच्या कर्करोगावर वापरलें जाणारें विन्क्रिस्टीन मिळतें तें तिच्या पानांतून. झाड एकच, पण मूळ एक औषध देतें, पान दुसरें.

शेवटीं एका गंभीर गोष्टीकडे लक्ष वेधणें अवश्य आहे. सदाफुलीचीं पानें खुडलीं तर तिला पुन्हां पानें येतात. सर्पगंधेचें औषध मुळीच्या सालींत असल्यामुळें, तें घ्यावयाचें म्हणजे झाड मुळासकट उपटणें आलें. १९५० नंतर जगभर मागणी वाढली, तेव्हां रानेंच्या रानें खणून निघालीं. मुळी काढण्यायोग्य होण्यास दोन-तीन वर्षें लागतात. बीं उगवण्याचें प्रमाण थोडें व बेभरंवशाचें. परिणामीं, जें झुडूप कोंकणांतील मजुराच्या गांठोड्यांत सहज सांपडे, तें रानांत शोधूनहि मिळेनासें झालें. वन्य प्राणी व वनस्पति यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टांत १९९० मध्यें तिचें नांव घालावें लागलें. आज लागवड हाच तिच्या रक्षणाचा मुख्य उपाय आहे. आणि खोडाच्या वा मुळाच्या तुकड्यांपासून ती करतांहि येते.

तेव्हां या इतिहासानें आपणांस काय शिकविलें? ‘मुळी घ्या’ एवढें सांगून वैद्यक पुरें होत नाहीं. कोणत्या भूमींतली, कोणत्या वयाची, कोणत्या ऋतूंत काढलेली, तिची साल शाबूत आहे कीं नाहीं, हें सर्व त्यांत यावें लागतें. तसेंच, सर्पगंधा हें तीव्र औषध आहे; रक्ताचा दाब वाढला असें ऐकून बाजारांतून मुळी आणावी व आपल्या मनानें घ्यावी, हें धाडस कोणीहि करूं नये. आणि जे संशोधन करतात त्यांच्यासाठीं तर या मुळीचा धडा अधिकच मोलाचा आहे. खरवडून टाकलेली साल आणि भांड्याच्या तळाशीं उरलेली राळ, या दोहोंकडे कोणी तरी पुन्हां पाहिलें, म्हणूनच हें औषध जगास मिळालें. फेंकून देण्यापूर्वीं तपासून पाहावें, हा नियम आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका धान्य निवडतांना पाळतात. प्रयोगशाळेंतहि त्याचें मोल तेवढेंच आहे.